एंजलला सोबत

सोमवारी एंजल माशाच्या पोटाखालचा डावा पर साडेपाच सेंटिमीटर होता. गुरुवारी तो चार भरला.

तिने पट्टी काचेला टेकवून तीनदा मोजलं. मासा काचेजवळ आला की मोठा दिसतो, मागे सरला की लहान. पाण्यातून मोजलेल्या गोष्टीवर पहिल्या फटक्यात विश्वास ठेवायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. तिन्ही वेळा चारच. दोऱ्यासारखा लांब, नाजूक पर खाली सरळ कापल्यासारखा संपत होता. उजवा तर अर्ध्यावरच आला होता. बाबांचं जुनं भिंग लावून पाहिलं तेव्हा शेपटीच्या कडेलाही दोन बारीक खाचा दिसल्या. तिने वहीत तारीख टाकली, आकडा लिहिला आणि पेनचं टोपण लावलं.

“काय गं, कोर्टात पुरावा द्यायचाय का?” स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंनी विचारलं.

“पर कमी होतायत त्याचे, आई.”

“वय झालं असेल. म्हातारपणी सगळ्यांचंच काही ना काही गळतं.” मग आवाज जरा चढवून, आतल्या खोलीच्या रोखाने, “काय व्याहीबुवा, खरं की नाही?”

आतल्या खोलीत पलंग एकदा करकरला, तेवढंच.

टाकी बाबांची होती. तिची आई होती तेव्हा त्यांच्या घरी दोन एंजल होते. आई गेली, त्यानंतर सहा महिन्यांनी एक मासा गेला आणि मग घरात बाबा आणि एक मासा असे दोघं उरले. बाबांनी चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या होत्या. बोलणं त्यांना कधी फारसं लागलं नाही. मासाही न बोलणारा. दोघांचं बरं चाललं होतं.

आठ महिन्यांपूर्वी बाबा न्हाणीघरात पडले आणि चार तास तसेच पडून राहिले. शेजारणीला नळाचा आवाज थांबेना म्हणून शंका आली. मनगट मोडलं होतं, बाकी काही नाही. पण त्या चार तासांचा आकडा तिच्या डोक्यातून जाईना. महिनाभरासाठी म्हणून तिने त्यांना आपल्याकडे आणलं. मागोमाग टाकीही आली.

आपल्याकडे म्हणजे सासूबाईंच्या घरी. घर त्यांच्या नावावर, त्यांनीच नोकरी करून घेतलेलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या तेहतीस वर्षं ऑपरेटर होत्या. एका रांगेत तीस बायका, कानाला हेडफोन, हातात लाइन जोडायच्या दोऱ्या. एक डोळा बोर्डावरच्या दिव्यांवर आणि दुसरा शेजारणीची टर कशी उडवावी यावर. कुणाची साडी, कुणाचा नवरा, कुणाचं घोरणं, काही सुटायचं नाही. त्या दिवसांबद्दल बोलताना सासूबाई अजूनही सरळ होऊन बसत.

बाबा आले तेव्हा सासूबाईंची धाकटी बहीण मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी येऊन राहिली होती. दोघी बहिणी सकाळच्या चहापासून एकमेकींना जे चिमटे काढायला लागत ते दिवे लागेपर्यंत. बाबा हात गळ्यात बांधून खुर्चीत बसायचे आणि हसायचे. मावशींना नवा चष्मा कसा लागेल हे त्यांनीच कागदावर काढून समजावलं. त्यांना कधी कुणी काही लावून बोललं नाही; दोघींना एकमेकींतून फुरसतच नव्हती. तिने दीड महिना नीट निरीक्षण केलं आणि नवऱ्याला सांगितलं, “जमतंय. बाबांना इथेच ठेवू.”

मग मावशी आपल्या मुलाकडे परत गेल्या. पुढे त्यांना ऐकूही कमी यायला लागलं. सासूबाई फोन लावायच्या, पलीकडून ‘कोण? कोण बोलतंय?’ एवढंच यायचं. चार वेळा आपलं नाव ओरडून सांगितल्यावर त्या फोन ठेवून द्यायच्या. सगळं गाव एकमेकांना जोडून देणाऱ्या बाईला आता स्वतःसाठी एक लाइन लागत नव्हती.

टाकीत तीन बार्ब मासे आणले ते त्याच सुमारास.

“हा तुमचा मासा तोंड पाडून बसलेला असतो,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “बघून मलाच आजारी वाटतं. याला जरा सोबत आणा कुणीतरी. रंगीत.”

तिने हे काम हातात घेतलं ते तिच्या पद्धतीनेच. कागदावर रकाने आखले : पाण्याचं तापमान, आम्लता, पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी, खाणं. नऊ जातींचे मासे तपासले. दुकानात सासूबाईंना पट्ट्यापट्ट्यांचे टायगर बार्ब पाहताक्षणी आवडले, आणि चारही रकान्यांत ते एंजलशी जुळत होते. तरी तिने घाई केली नाही. दुकानदार त्या दिवशी नव्हता, त्याची बायको गल्ल्यावर होती. तिच्याकडून स्टूल मागून घेऊन ती घड्याळ लावून अर्धा तास बार्बच्या टाकीसमोर बसली. टाकीत तीसेक बार्ब होते आणि कोपऱ्यात दोन सुस्त, लांब परांचे गुरामी. अर्ध्या तासात एकाही बार्बने गुरामींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने वहीत लिहिलं, ‘शांत’. आणि टाकीत फार गर्दी नको म्हणून तीनच घेतले.

सासूबाईंनी त्यांची नावं ठेवली ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. ट्रंक कॉलचे तीन दर. अर्जंट त्यांचा लाडका.

*

तिच्या नवऱ्याची मोटार शिकवण्याची शाळा होती. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर आणि शेजारी हा, पायाखाली दुसरा ब्रेक घेऊन. घरातही त्याचा पाय त्याच ब्रेकवर असायचा. बोलणं जरा वळणाला आलं की दाबलाच.

“आई बाबांना फार बोलतात,” असं ती म्हणाली की तो म्हणे, “अगं, ती मलाही बोलते. तिचं बोलणं म्हणजे हॉर्न. वाजतो, लागत नाही.”

“त्यांना लागतं.”

“नवीन आहेत. वेळ दे थोडा.”

वेळ दे, हे तिला पटायचं. तिच्या कामातही वेळेलाच सगळं महत्त्व होतं. मग महिने जात राहिले. बाबा आता जेवायला सगळ्यांबरोबर बसत, पण एकदाच वाढून घेत. ते सावकाश चावत, आणि सासूबाई म्हणत, “व्याहीबुवांचं जेवण म्हणजे जुना ट्रंक कॉल. सकाळी बुक करा, संध्याकाळी लागेल.” नवरा हसे. बाबाही हसत, आणि ताट उचलून उठत. संध्याकाळी सासूबाई गच्चीवर फिरायला गेल्या की बाबा खोलीबाहेर येत, पाण्याची बाटली भरून घेत, माशाला खायला घालत आणि जिन्यात चपला वाजल्या की परत आत. वीस मिनिटं. तिने एक-दोनदा घड्याळ पाहिलं होतं. वीसच्या वर कधी नाही.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट ठरत आली होती. बाबांचं घर आठ महिने कुलूपबंद होतं. नवऱ्याच्या शाळेत नवे शिक्षक आले होते, त्यांना कुटुंबासाठी जागा हवी होती. रविवारी किल्ली द्यायची होती.

“देऊ ना बाबा?” नवऱ्याने विचारलं होतं.

“जसं तुम्हाला सोयीचं,” बाबा म्हणाले होते.

ती तिथेच उभी होती. किल्ली एकदा गेली की बाबांना परत जायला जागा उरणार नव्हती. आणि किल्ली नाही दिली तर परत जाऊन ते राहणार कुणाच्या भरवशावर? या प्रश्नाचं एक उत्तर तिला माहीत होतं. ते तिने आठ महिन्यांत स्वतःशीसुद्धा पूर्ण वाक्यात म्हटलं नव्हतं.

*

ती रक्तपेढीत काम करायची, एकवीस वर्षं. तिचं कामच जुळवून पाहण्याचं. रुग्णाच्या रक्तातलं पाणी आणि देणाऱ्याच्या रक्तातल्या पेशी एका नळीत घालायच्या, फिरवायच्या, बघायच्या. गुठळी दिसली की ती पिशवी बाद. पण पहिल्या फेरीत गुठळी दिसली नाही म्हणून जुळलं असं होत नाही. नळी अंगाच्या तापमानाला, सदतीस अंशांवर, अर्धा तास ठेवावी लागते. काही रक्तं थंडीत, घाईत, एकमेकांशी गुण्यागोविंदाने राहतात. ऊब आणि वेळ मिळाला की मगच त्यांचं खरं काय ते कळतं.

गुरुवारी दुपारी वॉर्डातून तरुण डॉक्टरांचा फोन आला. “मॅडम, पहिल्या फेरीत जुळलंय ना? मग पाठवा की. पेशंट बरा आहे, पण ऑपरेशनची वेळ झालीय.”

“पहिल्या फेरीत जुळलं म्हणजे अजून भांडण झालं नाही एवढंच, डॉक्टर. अकरा मिनिटं राहिलीत.”

“तुमच्या मिनिटांपुढे कुणाचं काही चालत नाही बुवा.”

अकरा मिनिटांनी तिने नळी उजेडात धरून हलकेच तिरपी केली. तळाशी अगदी बारीक, रव्यासारखे कण. तिने फॉर्मवर ‘जुळत नाही’ लिहिलं, दुसरी पिशवी काढली आणि डॉक्टरांना कळवलं. लिहायला दोन सेकंद लागले. मनात आलंसुद्धा नाही, बिचाऱ्या पिशवीला आणखी थोडा वेळ देऊन बघू.

मग ती हात धुवायला गेली आणि नळ चालू ठेवून बराच वेळ उभी राहिली.

*

शुक्रवारी कामावरून परस्पर ती माशांच्या दुकानात गेली. दुकानदार या वेळी स्वतः होता. कोपरापर्यंत बाह्या दुमडून एक टाकी घासत होता. तिने वही उघडून समोर ठेवली आणि मोबाइलवरचे फोटो दाखवले.

“परांना बुरशी लागलीय का? औषध द्या काहीतरी.”

त्याने फोटो पाहिले, वही पाहिली. “एवढं मोजलंत? ग्रेट आहात, ताई. पण हा आजार नाही. हे कुणीतरी कुरतडलंय. सोबत कोण आहे त्याच्या?”

“टायगर बार्ब. तीन.”

दुकानदाराने ओला हात कपाळाला लावला. “तीन? कुणी दिले तीन?”

“तुमच्या मिसेसनी. मीच मागितले. मी आधी इथे बसून अर्धा तास बघितलं होतं. कुणाला हात लावत नव्हते.”

“हात लावायला वेळ कुठाय त्यांना? इथे तीस आहेत. बघा ना.” त्याने टाकीकडे बोट केलं. पट्ट्यांचा घोळका एकमेकांच्या मागे धावत होता, एकमेकांना ढुशा देत होता, फुटत होता, परत जमत होता. “यांना दिवसभर कुणाची तरी खोडी काढायलाच लागते. तीस असले की आपापसात होतं, कुणालाच लागत नाही, सगळे मजेत. तीनच ठेवले की तिघांत काय भागणार? मग जो हळू चालतो, ज्याचं काही लोंबतंय, त्याच्या मागे. स्वभाव वाईट नाही हो त्यांचा. घोळक्यातला मासा आहे, घोळका काढून घेतला, तो काय करेल?”

“मग आणखी आणू?”

“टाकी केवढी?”

“अडीच फूट.”

“मग नाही मावणार. आणि आता एंजलच्या परांची चव लागलीय.”

“थोडा वेळ दिला तर?”

तो हसला, पण चेष्टेने नव्हे. “ताई, सगळे हेच विचारतात. वेळ दिला तर तो सवय करून घेतो. कोपऱ्यात राहायची सवय. खायला वर यायचं नाही, ही सवय. माणसं म्हणतात, आता शांतता आहे, जमलं. एक दिवस तो तळाशी असतो.” त्याने फडकं पिळलं. “टाकी कुणाची? म्हणजे आधीपासून कोण होतं?”

“एंजल.”

“मग सोपंय. बार्ब मला परत आणून द्या, मी घेतो.”

टाकीचं सोपं होतं. ती दुकानाच्या पायरीवर आली आणि तिच्या लक्षात आलं की घराच्या बाबतीत याच प्रश्नाचं उत्तर उलट होतं. घर सासूबाईंचं. आधीपासून त्या होत्या.

*

शनिवारी सकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांच्या पँटला पट्टा तसाच राहिला होता. तो काढताना तिचा अंगठा एका भोकावर अडला.

पट्ट्याला कारखान्याची पाच भोकं होती. त्यांच्या आत आणखी तीन. नवीन, पण कडा इतक्या साफ की लांबून कळूही नये. प्रत्येकाचं अंतर आधीच्या पाचांसारखंच, एका केसाचा फरक नाही. ती बाबांच्या हातची होती. आणि तिसऱ्याच्या पुढे, जिथे चौथं पडायला हवं, तिथे पेन्सिलीचा एक बारीक ठिपका.

तिने पट्टी आणली नाही. एवढं तिला पट्टीशिवाय मोजता आलं.

खोलीत बाबा खिडकीशी बसून भिंग पुसत होते. ती पट्टा हातात घेऊनच त्यांच्यासमोर बसली.

“बाबा, पोट भरतं का तुमचं?”

“भरतं की.”

“हा ठिपका कशाला मग?”

बाबांनी पट्ट्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यासारखं हसले. “आधी आखून ठेवलेलं बरं असतं गं. ऐनवेळी वाकडं पडतं.”

“बाबा.”

“अगं, त्या बाई वाईट नाहीत.” त्यांनी आवाज खाली घेतला, दार बंद असूनही. “माझी बाटली रिकामी दिसली की त्याच भरून ठेवतात, मला माहितीय. फक्त तीस जणींना पुरेल एवढं बोलणं आहे त्यांच्याकडे, आणि घ्यायला मी एकटा. मला नाही पेलत.”

“आठ महिन्यांत एकदाही बोलला नाहीत.”

“तूच म्हणाली होतीस ना, जमतंय म्हणून. तू नीट बघून सांगतेस नेहमी.”

तिने पट्टा गुंडाळून मांडीवर ठेवला. मग तिने विचारलं, “न्हाणीघरात पडलात ते आठवतं?”

“आठवतं. चार तास छताकडे बघत होतो.” बाबांनी भिंग उजेडात धरलं. “छत बोलत नव्हतं काही. तेवढं एक बरं होतं.”

ते विनोद म्हणूनच बोलले होते. ती हसली नाही तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

*

दुपारी चौघं जेवायला बसले. नवऱ्याने येतायेता बाबांच्या घराच्या किल्लीला नवी साखळी लावून आणली होती. ती टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी होती. मागे टाकीत तिन्ही बार्ब काचेच्या कडेकडेने फिरत होते. एंजल फिल्टरच्या पाइपमागे उभा होता, तोंड भिंतीकडे.

“उद्या दहाला येतील ते,” नवरा म्हणाला. “सज्जन माणूस. दोन मुलं. घर वापरात राहील, बाबा.”

“बरं झालं,” बाबा म्हणाले.

“आणि सूनबाई, तू माझ्या अर्जंटला दुकानात परत धाडणार आहेस म्हणे?” सासूबाईंनी पाण्याचा जग पुढे सरकवला. “फोनवर बोलत होतीस, ऐकलं मी. ऑपरेटरचे कान आहेत.”

“तिघांनाही, आई. तिथे तीस आहेत. तिथे बरे राहतील.”

“आणि मी काय बघू दिवसभर? त्या तुमच्या पुतळ्याला?” त्यांचा आवाज शेवटी जरा हलला. त्यांनी तो लगेच सावरला आणि सवयीने सगळ्यात जवळ जे होतं तिकडे वळवला. “व्याहीबुवा, घ्या की आणखी. का पाखराशी पैज लावलीय?”

बाबा हसले. ताटाच्या कडेला त्यांची बोटं आली.

नवराही हसला.

तिने ते ताट उचललं जाताना पाहिलं. बारीक, रव्यासारखे कण, तळाशी. आठ महिने तिने नळी उजेडात धरली होती आणि म्हटलं होतं, आणखी थोडा वेळ. तिने हात लांब करून बाबांचं ताट खाली दाबलं.

“बसा, बाबा.”

“अगं, झालं माझं.”

“नाही झालं.”

नवऱ्याने मान वर केली. त्याला वळण दिसलं असावं. “हे बघ, नंतर बोलू,” तो पटकन म्हणाला. “जेवण होऊ दे आधी.”

“नंतर म्हणजे उद्या दहा,” ती म्हणाली. तिचा आवाज कामावर असतो तसा होता, सपाट, स्पष्ट. “आई, मी तुमच्यावर रागावले नाहीये. चूक माझी आहे. मावशी होत्या तेव्हा मी बघितलं आणि सगळं ठरवून टाकलं. मावशी गेल्यावर पुन्हा बघायला हवं होतं.”

“मी काय केलं?” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग टेबलावरच्या फोनकडे, जणू तिथून कुणी उत्तर देईल. “गंमत करते मी. सगळ्यांचीच करते.”

“माहितीय,” बाबा हळूच म्हणाले. “माहितीय, विहीणबाई.”

तिने मिठाच्या बरणीशेजारची किल्ली उचलली. साखळी नवीन होती, गार होती. नवऱ्याचा पाय टेबलाखाली फरशीवर दाबला गेल्याचं तिला जाणवलं. ती थांबली नाही.

“किल्ली द्यायची नाही,” ती म्हणाली. “उद्या मी बाबांना त्यांच्या घरी नेतेय. आणि मीसुद्धा तिथेच राहणार आहे.”